भैरोबाचा उजवा खांदा

गावच्या भैरोबाला कौल लावला त्या सकाळी मी देवाच्या खांद्याला डिंक फासला. मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी भरीला घातलं नव्हतं. पोस्टात चौतीस वर्षं काढून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या, आणि गावातली चार माणसं ज्याच्याकडून फॉर्म भरून घेतात अशा शहाण्या माणसानं हे पूर्ण शुद्धीवर असताना केलं.

कौल म्हणजे काय, ते आधी सांगतो. काही मोठं ठरवायचं असलं आणि ठरत नसलं की आमच्याकडे देवाला विचारतात. गुरव देवाला आंघोळ घालतो आणि ओल्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक कळी पाण्यानं चिकटवतो. आपण हात जोडून प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी कळी आधी पडली तर देव ‘हो’ म्हणाला, डावी पडली तर ‘नको’. एवढंच.

आमचा प्रश्न होता बायकोच्या गळ्याचा.

तिच्या गळ्यावरची गाठ खरं तर मला दिसायला हवी होती. ती दिसली चार वर्षांच्या एका पोरीला. माझी बायको गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. एक दिवस ती पोरगी तिच्या मांडीवर बसली, गळ्याला बोट लावलं आणि म्हणाली, “बाई, तुमी लिंबू गिळलंय व्हय?” घरी येऊन बायकोनं मला हे हसत हसत सांगितलं. मी चष्मा लावून बघितलं, तर खरंच लिंबाएवढं काहीतरी होतं. तेहतीस वर्षं मी त्या गळ्यासमोर बसून जेवतोय. माझं लक्ष भाकरीवर.

मिरजेच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासणी केली. आठवड्यानं रिपोर्ट आला, त्यात लिहिलं होतं की नक्की काही सांगता येत नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, “साहेब, नक्की सांगता येत नाही हे आम्हाला घरबसल्या माहीत होतं. त्यासाठी सुई कशाला घातली?” ते माणूस म्हणून फार सज्जन. त्यांनी समजावून सांगितलं. गाठ साधी असण्याचा संभव जास्त, पण कॅन्सर नाहीच असं आत्ता म्हणता येणार नाही. ती काढायची आणि मग तपासायची, हाच मार्ग. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आवाजाची नस त्या गाठीच्या अगदी मागून जाते. ती ते जपतातच, पण क्वचित एखाद्याचा आवाज बसतो, कधी कायमचा.

बायकोचा आवाज बसायचा म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. पंचवीस पोरं एका हाकेत ओळीत बसवणारा तो आवाज. परड्यातून तिनं “आवं, ऐकलं का?” म्हटलं की मी तर ऐकतोच, पण गल्लीतले आणखी तीन नवरे घरातून बाहेर येतात.

साताऱ्याला दिलेली आमची मुलगी फोनवर एकच सांगत होती, “बाबा, विचार कसला करताय? ऑपरेशन करून टाका.” तिचं बरोबर होतं. डॉक्टरांचं बरोबर होतं. पण मला ऑपरेशन नको होतं. चाकू लागणार होता बायकोच्या गळ्याला आणि दरदरून घाम सुटत होता मला. वाटायचं, असू दे गाठ, लिंबू तर लिंबू. माणसं आयुष्यभर काय काय गिळून जगतात. निदान आज आहे तशी ती उद्या दिसेल, उद्या हाक मारेल.

तसा मी देवाचं करणारा माणूस. पण माझी प्रार्थना कायम रजिस्टर ए.डी.ची. देवाकडे काही पाठवलं की पोचपावती सही होऊन परत यायला पाहिजे. मुलीचं लग्न, बदली, पेन्शनीची फाइल, प्रत्येक वेळी मी देवाला मुदत घालून दिलेली. या वेळी तर मी रोज नवं निवेदन लिहीत होतो. सकाळी म्हणायचो, गाठ विरघळव. दुपारी म्हणायचो, विरघळणं राहू दे, साधी असू दे. संध्याकाळी दोन्ही मागण्या रद्द करून तिसरीच. देवाकडे कारकून असता तर त्यानं माझा अर्ज खाडाखोड आहे म्हणून परत पाठवला असता.

मला माझीच एक गोष्ट आठवून लाज वाटायची. मी पाचगणीच्या पोस्टात होतो तेव्हा परगावच्या वसतिगृहात पोरं ठेवलेल्या आया खिडकीशी यायच्या. विचारायच्या, मी पाठवलेलं पार्सल कुठवर गेलं, पोराला मिळेल ना? मी मान वर न करता म्हणायचो, “टाकलंय ना? मग पोचेल. विश्वास ठेवा.” विश्वास ठेवा म्हणायला माझं काय जात होतं? पोर त्यांचं होतं.

माझी ही तऱ्हा बायको आठ दिवस बघत होती. एका संध्याकाळी ताट वाढता वाढता म्हणाली, “असं करू. भैरोबाला कौल लावू. देव म्हनंल तसं करू.”

मला एकदम हायसं वाटलं. देवानं ‘नको’ म्हटलं की प्रश्न मिटला. डॉक्टरला तोंड देव देईल, मुलीला तोंड देव देईल. पण लगेच दुसरा विचार आला: आणि ‘कर’ म्हणाला तर?

तर म्हणून मी टेबलाच्या खणातली डिंकाची छोटी बाटली सदऱ्याच्या खिशात टाकली.

पोस्टाच्या डिंकाची कीर्ती सगळ्या देशात आहे. तो बोटांना चिकटतो, बाहीला चिकटतो, टेबलाला चिकटतो. फक्त तिकिटाला चिकटत नाही. पण माझ्याजवळ तेवढंच हत्यार होतं.

आमचा गुरव माझा शाळेतला सोबती. एकाच बाकावर बसून आम्ही एकाच चुका केल्या. आम्ही देवळात पोचलो तेव्हा त्यानं देवाला आंघोळ घातली होती आणि तो परसातल्या तगरीच्या कळ्या खुडायला गेला. बायको प्रदक्षिणा घालायला लागली. ती देवळाच्या मागच्या बाजूला गेली तसा मी गाभाऱ्यात वाकलो, बाटलीत बोट बुडवलं आणि देवाच्या उजव्या खांद्यावर डिंकाचा ठिपका दिला. बोट सदऱ्याला पुसलं. बायको पुढं आली तोवर मी हात जोडून डोळे मिटून उभा. असा भक्त त्या देवळानं पाहिला नसेल.

गुरवानं कळ्या आणल्या, ओल्या केल्या, दोन्ही खांद्यांवर दाबून बसवल्या. माझ्याकडे बघून म्हणाला, “मास्तर, इचार काय इचारायचं ते. आन् थोडक्यात इचार. तुज्या अर्जावानी नगं.”

मी विचारलं. आम्ही तिघं बसलो. बाहेर उसाची ट्रॉली गाणी वाजवत गेली. बायको देवाकडे बघत होती, आणि मी त्या एका कळीकडे. माझी कळी घट्ट होती. दुसरी हळूच घसरली, क्षणभर दगडाच्या खोबणीत अडकली आणि खाली पडली.

“डावा!” मी जवळजवळ ओरडलोच. “देव नको म्हणतोय!”

गुरवानं माझ्याकडे असं बघितलं की चौथीच्या वर्गात गुरुजींनीही कधी बघितलं नव्हतं.

“आरं खुळ्या, देव तुज्याकडं तोंड करून हुबा हाय न्हवं? तुजा डावा तो त्येचा उजवा. उजवा दिलाय देवानं! कर म्हनतोय!”

चौतीस वर्षं मी काउंटरच्या आत बसलो. समोर उभ्या माणसाचा डावा हात तो माझा उजवा, हे रोज आठ तास माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. तरी देवाच्या समोर गेल्यावर मी माझ्याच उजव्या हाताकडचा खांदा देवाचा उजवा धरला. डिंक लागला होता देवाच्या डाव्या खांद्याला. म्हणजे ‘नको’ म्हणायची वाट मी माझ्या हातानं बंद केली होती. देवाला ‘कर’ म्हणण्यावाचून मी काही ठेवलंच नव्हतं.

बायकोनं डोळे मिटून नमस्कार केला. “झालं,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकी शांतता होती की मी नजर वळवून चपला शोधायला लागलो.

त्यात गुरव. डावी कळी दुपारच्या नैवेद्यापर्यंत जागची हलली नाही. गुरव जो भेटेल त्याला सांगत सुटला, “इतकी वर्सं कौल लावतोय, डावी अशी कवा बसली न्हवती. देवानं ‘न्हाई’ हा शबूदच दाबून धरला बगा!” संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायका येऊन माझ्या बायकोला सांगून गेल्या, काळजीच सोडा आता, लय खणखणीत कौल हाय. ती सगळ्यांना चहा करत होती आणि मी माजघरात पंचांग उलटं धरून वाचत होतो.

ऑपरेशनची तारीख ठरली. आता माझी खरी फजिती सुरू झाली. बायको निर्धास्त होती ती देवाच्या शब्दावर, असं मी धरून चाललो होतो, आणि तो शब्द देवाचा नव्हताच, पोस्टाच्या डिंकाचा होता. खरं सांगावं तर आत जायच्या आधी तिचा धीर जाईल. न सांगावं तर माझ्या लबाडीच्या भरवशावर ती टेबलावर झोपणार, आणि काही वाईट झालं तर? तो विचार मी पुरा करूच शकत नव्हतो.

मी गुपचूप गुरवाकडे गेलो. म्हटलं, परत एकदा कौल लावू, खात्रीला.

“न्हाई लावायचा,” तो म्हणाला.

“का रे?”

“एकदा इचारलं, देवानं सांगितलं. दुसऱ्यांदा इचारायचं म्हंजे पयल्यावर तुजा इश्वास न्हाई. मग दुसऱ्यावर तरी कशावरनं बसंल?”

मी आलो तसा घरी परतलो.

दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी बायको पिशवी भरत होती. दोन लुगडी, टॉवेल, तांब्या, रिपोर्टांची फाइल. मी दारात उभा राहून तीन वेळा घसा खाकरला. चौथ्यांदा खाकरल्यावर ती म्हणाली, “गाठ मला हाय का तुमाला?”

मी सगळं सांगितलं. बाटली, बोट, खांदा, आणि चुकीचा खांदा.

ती पिशवी तशीच टाकून उठली. माझा समज होता की ती खचून खाली बसेल. तिचा आवाज असा चढला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

“देवाच्या अंगाला डिंक लावला तुमी? आन् तो अजून तितंच हाय? चार दीस झालं! आदी जा आन् धुऊन या. कोमट पानी न्या, गार पान्यानं निगायचा न्हाई.”

मी तांब्याभर कोमट पाणी घेऊन गेलो. गुरव जेवायला गेला होता. भैरोबाचा खांदा मी माझ्या पंच्यानं चोळून चोळून पुसला, आणि जन्मात पहिल्यांदा देवाजवळ काही न मागता उभा राहिलो. मागायला तोंडच नव्हतं.

घरी आलो तेव्हा पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. ती पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो.

“मग आता?” मी म्हटलं.

“आता काय? उद्या साताची गाडी.”

“पण कौल खोटा होता गं.”

“कौल खोटा आसंल. देव खोटा हाय व्हय?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “ऑपरेशन करू का नको, हे मी देवाला इचारलंच न्हवतं. ते डाक्टर सांगत्यात, शिकल्यात ते. तुमचा जीव थाऱ्यावर न्हवता म्हनून मी कौल काढला. म्हटलं, देवाचं नाव घेऊन तरी ह्येनला दोन घास गोड लागतील.”

“मग तू रोज सकाळी दिवा लावून एवढा वेळ काय बोलतीस त्याच्याशी?”

“काय न्हाई. तिथं आत मला एकटीलाच नेत्यात. तुमाला येऊ देत न्हाईत, पोरीला येऊ देत न्हाईत. म्हनून त्याला म्हनते, तू तेवडा संगं ये. बाकी मग तुज्याकडं.”

एवढंच तिचं पत्र. साधं पोस्टकार्ड, पोचपावतीचा कागद न जोडलेलं. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा दिसलं की बोटाला गुंडाळलेला पदर तिनं करकचून ओढला होता. बोट पांढरं पडलं होतं. म्हणजे भीती तिलाही होती. भीती असूनही ती उद्याच्या साताच्या गाडीला निघणार होती. मी तिचा पदर सोडवला. आणखी काही करायला मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती, तपासण्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. दार बंद होताना तिनं मान वळवून मुलीला सांगितलं, “ह्येनला च्या पाज गं. उपाशी हायत.” साताऱ्याहून रात्रीची गाडी करून आलेली मुलगी रडू आवरत चहा आणायला गेली, नंतर औषधांची चिठ्ठी घेऊन खाली दुकानात गेली. मी बाहेरच्या खुर्चीवर एकटा.

ठरवलं होतं की आज नीट प्रार्थना करायची. डोळे मिटले. सवयीप्रमाणे अर्ज तयार व्हायला लागला, विषय, संदर्भ, मागणी क्रमांक एक. गाठ साधी असू दे. खोडलं. आवाज राहू दे. खोडलं. आवाज गेला तरी चालेल पण. तेही अर्ध्यात खोडलं, कारण आवाज गेलेला मला चालणार नव्हता आणि देवाशी किती खोटं बोलायचं? स्तोत्र म्हणायला गेलो तर दुसरी ओळ आठवेना. शेवटी तिचंच वाक्य उसनं घेतलं. म्हटलं, ती आत एकटी आहे, तू तिच्यासंगं रहा. बाकी तुझ्याकडं.

ते म्हटलं आणि छातीवर तीन आठवडे बसलेलं काहीतरी उठून बाजूला झालं. देवानं काही कबूल केलं असा माझा दावा नाही. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त आता माझ्या हातात काही नाही आणि ते मला पकडून ठेवायचंही नाही, एवढं कळलं. मी मान मागं भिंतीला टेकली. पुन्हा एकदा म्हटलं, बाकी तुझ्याकडं. तिसऱ्यांदा म्हटल्याचं आठवत नाही.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, कुणाला ताटकळत ठेवायचा मला हक्क नाही. गाठीचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला आणि गाठ साधी निघाली. पण त्या दुपारी आमच्यापैकी कुणाला ते माहीत नव्हतं. त्या दुपारी फक्त आवाजाचं कळणार होतं.

मला जाग आली ती मुलीनं खांदा गदगदा हलवल्यावर. “बाबा! अहो बाबा! आईला बाहेर आणून तासभर झाला. वॉर्डात नेलंय. तुमच्या समोरनं स्ट्रेचर गेलं!”

मी धावलो. एका पायात चप्पल, दुसरी खुर्चीखालीच. वॉर्डात ती उशाला टेकून पडली होती, गळ्याला पट्टी, चेहरा हळदीसारखा पिवळा, पण डोळे उघडे. डॉक्टर तिच्या खाटेपाशी वाकून उभे होते. मी दारातच थबकलो.

“काकू,” डॉक्टर म्हणाले, “आता थोडं बोलून बघायचंय. जोर लावायचा नाही. काहीही बोला. नाव सांगा, गावाचं नाव सांगा, मनात येईल ते.”

तिनं आवंढा गिळला. दुखलं असावं, कपाळाला आठ्या पडल्या. मुलीनं माझा हात धरला. वॉर्डातली नर्सही हातातलं काम ठेवून बघायला लागली. बायकोची नजर सगळ्यांवरून फिरत फिरत माझ्यावर आली. माझे विस्कटलेले केस, गालावर भिंतीचा चुना, एक पाय अनवाणी, हे सगळं तिनं वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं. मग तिचे ओठ हलले, आणि खरखरीत पण दारापर्यंत स्पष्ट पोचणाऱ्या आवाजात ती डॉक्टरांना म्हणाली,

“भूल मला दिली, आन् झोपल्यात ह्ये!”